लहान मुलांना घेऊन शेतात भरीत पार्टी कशी करावी

चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरिताचा नैवेद्य दाखवला की चातुर्मासात वांगं न खाणारी घरंही मोकळी होतात. जळगाव, यावल, रावेर, भुसावळकडे मग शेताशेतांतून भरीत पार्ट्या सुरू होतात. बहुतेक पार्ट्या मोठ्यांच्याच असतात. पोरं बाजूला मोबाइल घेऊन बसतात आणि शेवटी तिखट घास खाऊन रडतात. थोडी वेगळी आखणी केली, तर तीन वर्षांच्या पोरालाही यात खरं काम देता येतं. हाताला काम असलेलं पोर कुरकुर करत नाही.

वेळ दुपारची धरा. डिसेंबरात इकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लगेच गारठा चढतो. तीनपर्यंत शेतात पोहोचलात, तर उजेडातच जेवणं उरकतात.

पोहोचल्यावर आधी

सामान उतरवायच्या आधी विहीर पाहा. कठडा नसेल तर पंगत तिथून लांब मांडा आणि एका मोठ्या माणसाला फक्त मुलांवर लक्ष ठेवायला नेमा. हे काम 'सगळेच बघतील' म्हणून सोडलं, की कोणीच बघत नाही. शेतमालकाला विचारून घ्या, शेजारच्या वावरात नुकती फवारणी झाली आहे का. झाली असेल तर जागा बदला. वाळल्या काड्यांच्या ढिगात विंचू, साप दडलेले असतात, म्हणून ढीग मोठ्यांनीच हलवावा, तोही काठीने. मुलांच्या पायात बूट हवेतच.

वांगी

भरिताला हिरवट-पांढरी, मोठी, कमी बियांची वांगी लागतात. याच जळगाव भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव या वांग्यांसाठी घरोघरी घेतलं जातं. माणशी पाव किलो धरा. निवडताना वांगं मुलांच्या हातात द्या. आकाराच्या मानाने हलकं लागतं ते चांगलं, जड लागलं तर आत बिया जास्त. दोन्ही हातांत दोन वांगी तोलून पाहायला पोरांना फार आवडतं. छिद्र पडलेलं वांगं किडकं, ते त्यांनीच शोधून बाजूला काढावं.

कामाची वाटणी

तीन-चार वर्षांच्यांना कोथिंबीर निवडायला द्या, कांद्याची पात धुवायला द्या. पाण्यात हात घालायला मिळाले की ती अर्धा तास हलत नाहीत. पाच-सहा वर्षांची मुलं शेंगा फोडतील, लसूण सोलतील. त्याहून मोठ्यांनी वांग्यांना काडीने टोचे मारावेत. टोचे नसले, तर आतल्या वाफेने वांगं विस्तवावर फुटतं. हिरव्या मिरच्यांना मात्र कोणत्याही मुलाने हात लावायचा नाही, कारण तोच हात नंतर डोळ्याला जातो.

विस्तव

कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळलेल्या काड्या घ्या. त्या भराभरा पेटतात, जाळ मोठा देतात आणि भरिताला जो धुरकट वास येतो तो त्यांचाच. जागा कडब्याच्या गंजीपासून आणि उभ्या कपाशीपासून दूर हवी. पाण्याची भरलेली बादली आधी, काडी नंतर. विस्तवाभोवती चार-पाच पावलांवर राखेने किंवा चुन्याने गोल रेघ आखा. ती मुलांकडूनच आखून घ्या. स्वतः आखलेली रेघ मुलं पाळतात, शिवाय दुसऱ्याने ओलांडली तर ओरडूनही सांगतात. वारा पाठीवर येईल अशा बाजूला बसायचं, म्हणजे धूर डोळ्यांत जात नाही.

वांगी जाळात टाका आणि लांब काठीने फिरवत राहा. साल काळी पडते, सुरकुतते, मग देठाजवळून रस फसफसत बाहेर येतो आणि फुगलेलं वांगं एकदम मऊ पडून बसतं. हा क्षण मुलांना रेघेबाहेरून दाखवाच. 'झालं का?' हे त्यांनीच ओळखून सांगावं.

चटका बसलाच तर भाजलेला भाग लगेच साध्या गार पाण्याखाली धरा, वीस मिनिटं तरी. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. फोड आला किंवा भाजलेली जागा मोठी असेल, तर सरळ दवाखाना गाठा.

ठेचणं

वांगी कोमट झाल्यावर सालं काढा आणि प्रत्येक वांगं उघडून आत कीड नाही ना ते पाहा. मग बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, घालून मुसळाने ठेचा. ही मुलांची सगळ्यात आवडती पायरी. मोठ्याने मुसळ वरच्या बाजूला धरावं आणि मुलाने आपल्या हातांच्या जरा खाली तेच मुसळ धरावं, म्हणजे घाव मुलाचा आणि ताबा आपला राहतो. मिक्सरमध्ये फिरवलेल्या भरिताला ही चव येतच नाही, त्यामुळे बडगी घरून उचलून न्यायचा त्रास घ्याच.

मिरची पडायच्या आधी मुलांचा वाटा वेगळा काढा. त्यात मीठ, पात, कोथिंबीर, जिरं-लसणाची फोडणी आणि शेंगदाण्याचा कूट. चार वर्षांखालच्यांना अख्खे दाणे देऊ नका, ते घशात अडकतात. मोठ्यांच्या भरितात तेलात परतून ठेचलेली मिरची-लसूण, अख्खे दाणे, खोबऱ्याचे काप हवे तेवढे घाला. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी किंवा पुरी. मुलांसाठी दही जास्तच न्या.

शेत नसेल, तर गच्चीत पत्र्याच्या शेगडीवरही हे जमतं. वास थोडा कमी येतो, मजा तेवढीच येते.

उठायच्या आधी विस्तवावर पाणी ओता, राख काठीने पसरा, परत पाणी ओता. वरून विझलेल्या राखेखाली निखारा तासन् तास धगधगत राहतो, म्हणून ती जागा मातीने झाका आणि मगच मुलांचे हात सोडा.