नोकरी सोडून लग्नाच्या डेकोरेशनमध्ये यायचंय? आधी एक रात्र मंगल कार्यालयात काढा

आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच, ताई मलाही हे करायचंय, नोकरीचा कंटाळा आलाय, गणपतीचं मखर दरवर्षी मीच करते, सुरुवात कशी करू? मी अकरा वर्षं पुण्यात एका कंपनीत पेरोल, म्हणजे पगाराचे हिशोब, बघायचे आणि माझंही अगदी हेच होतं, त्यामुळे मी हसत नाही कोणाला. पण आवड लागते ती शेवटचे दोन तास, त्याआधीचे बारा-चौदा तास म्हणजे टेम्पो, हमाली, कापड, वायर आणि कार्यालयाच्या मॅनेजरशी गोडीगुलाबी.

म्हणून राजीनामा इतक्यात नको. एखादा धंद्यात असलेला डेकोरेटर गाठा आणि एक सीझन शनिवार-रविवार त्याच्याकडे फुकट राबा. आदल्या रिसेप्शनची पंगत रात्री अकराला उठते, हॉल हातात येतो बाराला, आणि सकाळी सातला नवरीकडची मंडळी चहा मागत दारात उभी असतात, मधल्या वेळात जे काय करायचं ते करायचं. पहाटे तीनला घोड्यावर उभं राहून (शिडीला आमच्यात घोडा म्हणतात) सीलिंगचं कापड ताणताना अजूनही मजा वाटत असेल तर पुढचं वाचा, नाहीतर मखर चांगलं आहे तुमचं, ते करत राहा.

सुरुवात लग्नापासून करू नका, हळद, डोहाळजेवण, बारसं, साखरपुडा यांपासून करा. माझी पहिली ऑर्डर सोसायटीच्या हॉलमधली हळद, 18,000 सांगितले आणि मनात म्हटलं निम्मे तरी उरतील. फुलं 5,200, कापड आणि स्टँडचं भाडं 3,000, टेम्पो जाऊन-येऊन 2,400, लाइटवाला 2,500, दोन पोरांची मजुरी 2,000, केळीचे खांब आणि पितळी घंगाळं-समया भाड्याने 900, चहा-नाश्ता 400. बेरीज करा, हातात 1,600 उरले आणि दोन रात्री जागून, वर बाइंडिंग वायरने बोटं कापली ती वेगळी. पेरोलवाली असून मी टेम्पोचा परतीचा फेरा धरलाच नव्हता, पण टेम्पोवाला कुठला सोडतोय. तेव्हापासून प्रत्येक कोटेशन एक्सेलमध्ये, आणि फेरे, हमाली, चहा हे कॉलम आधी, फुलं नंतर.

सामान विकत घेऊ नका, पहिली दोन वर्षं तरी. उत्साहात मी स्टेजमागे लावायच्या मोठ्या सोनेरी रिंगा घेतल्या सहा, पुढच्या वर्षी कोणाला नकोच होत्या, अजून बाल्कनीत आहेत आणि त्यावर सासूबाईंचा कारल्याचा वेल चढलाय. ट्रस (सजावट टांगायचा सांगाडा), स्टेज, खुर्च्या, पार लाइट (स्टेजवरचे दिवे) सगळं भाड्याने मिळतं. विकत घ्यायचंच तर स्टेपल गन, ग्लू गन, पक्कड, केबल टाय, चांगली एक्स्टेन्शन बोर्डं, हे कोणी वेळेवर देत नाही.

आता फुलं, कारण बुडायचं असेल तर माणूस इथेच बुडतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात (मुंबईकरांनी दादर) पहाटे जायला लागा, ऑर्डर नसली तरी जा, भाव कसा हलतो ते कळतं. झेंडू किलोवर, डच गुलाब वीसच्या गड्डीत, जर्बेरा दहाच्या. झेंडूच्या क्रेटमध्ये हात खालपर्यंत घाला, वरचा सुका आणि तळाचा पावसात भिजलेला असतो, ओला झेंडू वजनाला भरतो आणि दुपारपर्यंत काळा पडतो. आणि मोठ्या मुहूर्ताला भाव चढतो, कारण सगळ्या शहराचं लग्न त्याच दिवशी असतं! चार महिन्यांपूर्वी तुम्ही पांढऱ्या ऑर्किडचा शब्द दिलाय आणि आज बाजारात ते दुप्पट आहे, मग? म्हणून ग्राहकाला रंग कबूल करायचा, फूल नाही. "पांढरा आणि पिस्ता, त्या दिवशी जे ताजं मिळेल ते," असं लिहून घ्या. शेवंती, निशिगंध, अष्टर यातूनही सुंदर पांढरं होतं, फोटोत कोणी मोजायला जात नाही.

विधी माहीत नसेल तर डेकोरेशन करू नका हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतेय. एका लग्नात बोहल्यावर मी क्रीम साटनचं झुलतं छत केलं होतं, मध्यभागी मुद्दाम खाली सोडलेलं, वर मोगऱ्याच्या माळा, दिसायला काय दिसत होतं ते! मंगलाष्टकं झाली, गुरुजींनी होमकुंड मांडलं, वर बघितलं, परत माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "ताई, होम पेटवू का छत?" साटनला ठिणगी पुरते. सगळ्यांसमोर दोन पोरांनी घोडा लावून मधलं कापड कापून काढलं, नवरा-नवरी पाटावर बसून बघतायत, फोटोग्राफर त्याचाही व्हिडिओ काढतोय. आता ऑर्डर घेतली की मी पहिला फोन गुरुजींना करते. होम कुठे, सप्तपदीला जागा किती, अंतरपाट धरणारे दोघं खांबाला अडकणार नाहीत ना, मामा कुठे उभे राहणार, गौरीहर आतल्या खोलीत की बाहेर, रुखवताला टेबलं किती. डिझाइन त्यानंतर.

सीझनचा हिशोब पंचांगावर. तुळशीच्या लग्नानंतर सुरू, पौषात बरेच जण थांबतात, मग माघ-फाल्गुन आणि खरी गर्दी एप्रिल-मे. चातुर्मासात मोजकंच. अधिक महिना आला तर आणखी खड्डा, 2026 मध्येच बघा, अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन सीझनचा महिना गेला. म्हणून हातात सहा महिन्यांचा घरखर्च आणि सगळे ईएमआय बाजूला काढल्याशिवाय नोकरी सोडू नका. पावसाळ्यात डोहाळजेवणं, बारशी आणि गणपती यावर माझा गाडा चालतो.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइट असतात, तिथे जाऊ नका. दुकान कायद्याखाली माणसं मोजकीच असतील तर ऑनलाइन सूचना दिली की झालं. सेवा व्यवसायात साधारण 20 लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी, आपल्या कामाला 18 टक्के, मोठी कार्यालयं आधीच नंबर मागतात. काही कार्यालयं बाहेरच्या डेकोरेटरकडून रॉयल्टी (तिथे काम करू द्यायचे पैसे) घेतात, कोटेशन द्यायच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि नवरा-नवरीची नावं थर्माकोलमध्ये कोणी मागितली तर सरळ नाही म्हणा, महाराष्ट्रात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड) कापून घ्या, परत वापरताही येतं (आडनाव जुळलं तर).

पैसे: बुकिंगला निम्मे, उरलेले फुलं उचलायच्या आधी. "लग्न झालं की देतो" म्हणणारे वाईट नसतात हो, पण मुलगी सासरी गेल्यावर बापाला फुलवाल्याचे पैसे मागायला तोंड होत नाही, दोनदा मी तसेच सोडलेत.

आणि फोटो पाहुणे यायच्या आधीच काढून घ्या, सगळे लाइट लावून, स्टेज, एंट्री, पॅसेज, सगळं. नंतर काढू म्हणाल तर स्टेजवर आहेराच्या पिशव्या आणि आइस्क्रीमचे कप असतात आणि पाच वाजता पुढच्या पार्टीचा टेम्पो दारात हॉर्न वाजवत असतो.