ब्रह्मगिरी चढायचा असेल तर

ब्रह्मगिरी डोंगराच्या पायथ्याचं त्र्यंबक नाशिकहून साधारण 28 किलोमीटर, एसटी भरपूर. पहाटेची गाडी धरा, कारण उशीर झाला की खालच्या टप्प्यात सावली फारशी मिळत नाही. जाऊन-येऊन निवांत 4-5 तास धरावेत, माणशी 2 लिटर पाणी. अनवाणी जाण्याचा हट्ट नको, दुपारी दगड तापतो.

वाटेत फाटा फुटतो: एक वाट डोंगरावरच्याच गंगाद्वार मंदिराला, दुसरी माथ्याकडे. दोन्ही करायचं असेल तर आधी माथा. गंगाद्वारच्या सुमारे 700 पायऱ्यांत पाय भरले की वर जायचा उत्साह उरत नाही.

खरी गंमत कातळात कोरलेल्या जिन्याची. दोन्ही बाजूंना उभा कडा, मध्ये उंच पायऱ्या, भिंतीत मारुती. माकडंही नेमकी इथेच. हातात पिशवी, प्रसाद, बाटली काही दिसू देऊ नका. सगळं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये. खायला घालणाऱ्यांनीच त्यांना सोकावलंय, हे वेगळं सांगायला नको.

माथ्यावर गोदावरीचं उगमस्थान आणि जटामंदिर. गौतम ऋषींना गोहत्येच्या पातकातून सोडवण्यासाठी शंकराने इथे जटा आपटून गंगा आणली, अशी कथा. उन्हाळ्यात धो-धो प्रवाह शोधाल तर निराश व्हाल. उगम म्हणजे लहानसं कुंड.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि घसरण्याचा धोका उतरतानाच जास्त. कठडा धरून, पाऊल आडवं टाकत उतरा. धुकं दाटलं तर माथ्याला जोडलेल्या दुर्गभांडार किल्ल्याच्या अरुंद वाटेला जाऊच नका. त्र्यंबकमधल्या कुशावर्त कुंडातलं स्नान उतरल्यावर.