लॉजचं इंटरकॉम: केबल टाकताना आणि चालू करताना काय तपासायचं

इंटरकॉम बसवल्यावर पहिल्या काही महिन्यांत ज्या तक्रारी येतात, त्यातल्या बहुतेक मशीनच्या, म्हणजे सगळे फोन जोडणाऱ्या एक्स्चेंजच्या, नसतात. एका खोलीत घरघर, दुसरीकडे रिंग वाजून लगेच बंद, तिसरीकडे फोन मेलेला. कारण सापडतं ते केबलमध्ये, क्रोनच्या (तारा दाबून जोडायच्या मॉड्यूलच्या) खाचेत किंवा रोझेटच्या (खोलीतल्या फोनच्या सॉकेटच्या) स्क्रूखाली. म्हणून केबलचा प्रत्येक तुकडा मशीनला जोडण्याआधी वेगळा तपासायचा आणि मशीन सगळ्यात शेवटी चालू करायचं. हा क्रम मोडला की एका दोषासाठी तीन मजले चढ-उतार करावी लागते.

उदाहरणाला तळमजला अधिक तीन मजल्यांचं लॉज घेऊ. मजल्याला ७ खोल्या, म्हणजे २१. शिवाय रिसेप्शन, किचन आणि मॅनेजरची केबिन. एकूण २४ एक्स्टेंशन (आतले फोन) आणि बाहेरच्या ३ लाइन. मशीन रिसेप्शनमागच्या खोलीत. तिथून प्रत्येक मजल्याच्या डीपी बॉक्सपर्यंत (खोल्यांना केबल वाटायच्या डब्यापर्यंत) १० पेअरची (पेअर म्हणजे एकत्र पिळलेल्या दोन तारा) एकेक केबल आणि डीपीपासून प्रत्येक खोलीत २ पेअर. ७ खोल्यांना १० पेअर म्हणजे ३ पेअर मोकळ्या राहतात, आणि त्या राहायलाच हव्यात. दोन वर्षांनी एखादी पेअर गेली, तर नवी केबल ओढण्याऐवजी दोन जंपर (जोडणीच्या छोट्या तारा) हलवून काम होतं.

मुख्य फ्रेमवर, म्हणजे मशीनजवळ सगळ्या केबली जिथे येतात तिथे, १० पेअरची क्रोन मॉड्यूल लागतील ८: मशीनच्या एक्स्टेंशन पोर्टसाठी ३, तीन मजल्यांसाठी ३, तळमजल्यासाठी १ आणि बाहेरच्या लाइनसाठी १. दहा मॉड्यूलची फ्रेम घ्या. लाइनच्या मॉड्यूलवर एका बाजूला बाहेरून आलेली लाइन आणि दुसऱ्या बाजूला मशीनचा ट्रंक पोर्ट (बाहेरची लाइन जोडायची जागा) ठेवला, की मध्ये डिस्कनेक्शन प्लग खोचून दोन्ही बाजू क्षणात वेगळ्या करता येतात. लाइन खराब की मशीन, या रोजच्या वादाचा निकाल याच प्लगवर लागतो. साधं कनेक्शन मॉड्यूल न घेता डिस्कनेक्शनचंच घ्या.

डीपीपासून खोलीपर्यंत सरासरी १८ मीटर धरले, तर २१ खोल्यांना ३७८ मीटर होतात. ९० मीटरची ५ बंडलं आणा. वळणं आणि दोन्ही टोकांना सोडायची लांबी त्यात बसते. पाइप मोठे असतील किंवा भिंती उघड्याच असतील, तर २ पेअरऐवजी कॅट-६ (कॉम्प्युटर नेटवर्कची केबल) ओढा. आज तिची निळी पेअर फोनला चालते, उद्या तीच केबल आयपी फोनला चालेल. रिसेप्शन आणि केबिनला तर कॅट-६ हवीच.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. ती ओळखायला तारेवर ब्लेडने खरवडून बघा. कथिलाचा मुलामा दिलेली अस्सल तांब्याची तार वरून पांढरी दिसते आणि आत लाल निघते. मुलाम्याची अॅल्युमिनियमची तार वरून लाल, आत पांढरी. नुसत्या वरच्या रंगावर जाणारा इथे हमखास फसतो. दुसरी खूण मल्टीमीटरची: बंडल न उघडता एका टोकाला एका पेअरच्या दोन्ही तारा पिळून शॉर्ट करा आणि दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. ९० मीटरच्या ०.५ मिमी तांब्याला सुमारे १६ ओहम येतात. मीटरच्या स्वतःच्या वायरचा रोध त्यातून वजा करायला विसरू नका. २५ च्या आसपास आकडा आला, तर तार ०.४ मिमीची आहे किंवा तांब्याची नाही. असं बंडल दुकानात परत करा. अॅल्युमिनियमची तार क्रोनमध्ये दाबताना खाच पडून तुटते, आणि तुटलेली बाहेरून दिसतही नाही.

केबल ओढताना २३० व्होल्टच्या वायरपासून समांतर अंतर किमान ३०० मिमी ठेवा. ओलांडावीच लागली, तर काटकोनात ओलांडा. एकाच पाइपात दोन्ही घालणं आवाजासाठी वाईट, आणि त्याहून जास्त धोका जिवाला: लाइटच्या वायरचं इन्सुलेशन गेलं, तर रिसीव्हरपर्यंत २३० व्होल्ट पोचू शकतात. शेजारच्या इमारतीत एक्स्टेंशन न्यायचं असेल, तर तिथे घरातली पीव्हीसी केबल चालणार नाही. पावसाळ्यात पाइपात पाणी साचतं, म्हणून जेली भरलेली आर्मर्ड केबल घाला आणि दोन्ही टोकांना अरेस्टर (विजेचा जादा दाब अर्थला सोडणारा भाग) लावा. कोकणात खाऱ्या हवेने उघडा जोड काही महिन्यांत हिरवा पडतो. मध्ये जोड टाळता येत नसेल, तर पिळून टेप गुंडाळू नका, जेली भरलेला कनेक्टर वापरा.

१० पेअरमध्ये पहिल्या पाच पेअरींना पांढरी तार असते आणि तिच्यासोबत क्रमाने निळी, केशरी, हिरवी, तपकिरी, राखाडी. पुढच्या पाचांना लाल तार, सोबत तेच पाच रंग. स्वस्त केबलमध्ये सगळ्या पांढऱ्या तारा अगदी सारख्या असतात, त्यांच्यावर जोडीदाराच्या रंगाचा पट्टा नसतो. वरचं आवरण हातभर सोललं आणि पीळ सुटले, की कुठली पांढरी कुणाची हे सांगता येत नाही. निळीबरोबर केशरीची पांढरी क्रोनमध्ये बसते आणि दुसऱ्या टोकालाही तीच चूक झाली, तर कंटिन्युइटी (तार सलग आहे का याची मीटरवरची तपासणी) अगदी बरोबर दाखवते. हीच स्प्लिट पेअर. छोट्या लांबीत ती बऱ्याचदा लपून राहते, केबल लांब असली की शेजारच्या खोलीचं बोलणं पुसट ऐकू येऊ लागतं. उपाय सोलतानाच करायचा: गरजेपुरतंच आवरण काढा, आणि बाहेर येताच प्रत्येक पेअर वेगळी पिळून मगच पुढची हातात घ्या.

क्रोनमध्ये तार फक्त पंचिंग टूलने बसवा. टूलची कापणारी बाजू तारेच्या मोकळ्या टोकाकडे हवी. उलटी धरली, तर कामाचीच तार कापली जाते. स्क्रू ड्रायव्हरने दाबलेली तार त्या दिवशी चालते, पण खाचेतले दोन पाते कायमचे फाकतात आणि पुढे तिथे कुठलीच तार घट्ट बसत नाही. एका खाचेत दोन तारा घालू नका. पॅरलल फोन हवा असेल, तर तो रोझेटवर काढा.

आता तपासणी. केबल ओढून झाली, पण दोन्ही टोकं अजून मोकळी आहेत, ही सगळ्यात चांगली वेळ. खोलीतलं टोक उघडं ठेवून डीपीवर मीटर लावा. पेअरच्या दोन तारांमध्ये, प्रत्येक तारेतून शेजारच्या पेअरमध्ये आणि प्रत्येक तारेतून अर्थला, तिन्ही ठिकाणी मीटरने अनंत दाखवलं पाहिजे. मग मदतनिसाला खोलीत पेअर शॉर्ट करायला सांगा. १८ मीटरला ३ ओहमच्या थोडं वर आकडा येईल. एका खोलीत ३ आणि शेजारच्या तेवढ्याच अंतराच्या खोलीत ९ आले, तर कुठेतरी तार अर्धी तुटली आहे किंवा पाइपात कुणीतरी जोड मारला आहे. केबल तेव्हाच बदला. प्लास्टर झाल्यावर ती बदलायला दसपट खर्च येतो.

ओल किंवा दाबलं गेलेलं इन्सुलेशन मल्टीमीटरला नेहमी सापडत नाही. मजल्यांच्या १० पेअर केबलींना मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, पण तेव्हा त्या केबलवर मशीन, फोन आणि अरेस्टर यांपैकी काहीही जोडलेलं नको. ५०० व्होल्टच्या मेगरने मशीनचं कार्ड जाऊ शकतं, आणि २३० व्होल्टचा अरेस्टर त्या दाबाला चालू होऊन केबलच खराब असल्याचं भासवतो. नव्या कोरड्या केबलला काटा टोकाला जातो. दहांतली एकच पेअर कमी दाखवत असेल, तर ती खुणेने बाजूला ठेवा आणि मोकळीतली एक वापरा.

पंचिंग झाल्यावर मुख्य फ्रेमवर टोनर (तारेत आवाज सोडणारं यंत्र) लावून खोलीत प्रोबने (तो आवाज पकडणाऱ्या यंत्राने) टोन ऐका, आणि तिथेच रोझेटवर नंबर लिहा. नंतर लिहू म्हटलेले नंबर राहूनच जातात. त्याच वेळी शेजारच्या पेअरींवर टेस्ट फोन मॉनिटरला (लाइन न उचलता नुसतं ऐकायला) ठेवून ऐका. दुसऱ्या पेअरवर टोन मोठ्याने येत असेल, तर स्प्लिट पेअर शोधा. आरजे-११ ला साधा फोन मधल्या दोन पिनांवर चालतो. ऑपरेटरच्या डिजिटल फोनला मात्र मशीनप्रमाणे २ किंवा ४ तारा लागतात, हे केबल ओढण्याआधीच मॅन्युअलमध्ये बघा.

मशीन आणि फ्रेमच्या अर्थिंगला ४ ते ६ चौरस मिमीची तांब्याची वायर थेट अर्थ पिटपर्यंत न्या. लिफ्टच्या किंवा पंपाच्या अर्थवर ती जोडू नका. सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजा. ते २-३ व्होल्टच्या वर असेल, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मशीन नंतर. अर्थिंगशिवाय अरेस्टर नुसता शोभेचा असतो. वळवाच्या विजांमध्ये सगळ्यात आधी ट्रंक कार्ड जातं, आणि बहुतेक वेळा कारण हेच असतं.

बाहेरच्या लाइन मशीनशिवाय तपासा. प्लग खोचून लाइनच्या बाजूला मीटर लावा. तांब्याच्या लाइनला फोन ठेवलेला असताना सुमारे ४८ व्होल्ट डीसी, टेस्ट फोन उचलल्यावर साधारण ६ ते १२. उचलल्यावर व्होल्टेज पडतं पण डायल टोन नाही, तर दोष कंपनीकडे. ठेवलेलं असतानाच २०-३० व्होल्ट दाखवत असेल, तर कुठेतरी गळती आहे. रिंगच्या वेळी ७५ ते ९० व्होल्ट एसी येतात, तेव्हा उघड्या तारेला हात लावू नका.

आता बऱ्याच लाइन फायबरच्या ओएनटीच्या (फायबर कंपनी जागेवर बसवते त्या डब्याच्या) फोन पोर्टमधून येतात. तो पोर्ट थोड्या अंतरासाठीच बनवलेला असतो, म्हणून ओएनटी मशीनच्या खोलीतच ठेवा. आणि ओएनटीला यूपीएस द्या. मशीनला बॅटरी आहे आणि ओएनटीला नाही, अशा ठिकाणी वीज गेली की खोल्या एकमेकांशी बोलतात, पण बाहेर एकही फोन जात नाही.

मशीन पहिल्यांदा चालू करताना एकही जंपर लावलेला नको. आधी पोर्टवरच टेस्ट फोन लावून टोन बघा, मग एका मॉड्यूलच्या दहा पेअर जोडा, तपासा, मग पुढच्या दहा. सगळं एकदम जोडलं आणि कार्ड अडकलं, तर कुठल्या शॉर्टमुळे ते शोधायला सगळं पुन्हा काढावं लागतं. नंतर प्रत्येक खोलीतून रिसेप्शनला आणि रिसेप्शनवरून प्रत्येक खोलीला फोन करा. फक्त एका दिशेने तपासलं, तर दोन खोल्यांची अदलाबदल पकडली जात नाही. बाथरूममध्ये पॅरलल फोन असेल, तर दोन्हींची रिंग ऐका.

नंबरिंगमध्ये एक गोष्ट गंभीर आहे. पहिल्या मजल्याला १०१ पासून नंबर दिले, की अग्निशमनाचा १०१ आणि रुग्णवाहिकेचा १०२ हे खोल्यांना भिडतात. एक्स्टेंशनचे नंबर १ ने सुरू न करणं उत्तम. मालकाला खोलीचाच नंबर हवा असेल, तर निदान ११२ मोकळा ठेवा, शून्य न लावता थेट लाइनवर जाईल असा प्रोग्रॅम करा आणि प्रत्येक फोनवर तसं स्टिकर लावा. लाइन घ्यायला ० असेल, तर मोबाईलसाठी पुन्हा एक ० लागतो, कारण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला आधी शून्य लावावा लागतो. एसटीडी बंद करण्याची ‘सुरुवातीचा शून्य अडवा’ ही जुनी सेटिंग मोबाईलही बंद करते. आयएसडीसाठी ‘००’ अडवा आणि खोल्यांसाठी वेगळा वर्ग (कुठे फोन लावता येईल याची वेगळी मुभा) ठेवा.

शेवटी लाइन सुटते का ते बघा, कारण हे घाईत राहतं. मोबाईलवरून फोन करा, मशीनचा आवाज उत्तर देऊ द्या आणि मोबाईल ठेवा. थोड्या वेळात ट्रंकचा दिवा विझला पाहिजे. विझला नाही, तर मशीनला समोरच्याने फोन ठेवल्याचं कळलेलं नाही, आणि तीन लाइनचं लॉज दुपारपर्यंत बाहेरच्यांना सतत बिझी लागेल. बिझी टोन ओळखण्याची सेटिंग चालू करा. आपल्याकडचा नेहमीचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद असतो. ओएनटीचा टोन वेगळा असेल, तर कानाने ऐकून वेळ मोजा आणि तोच आकडा भरा. कॉलरचा नंबर दिसत नसेल, तर लाइन तो डीटीएमएफने पाठवते की एफएसकेने (नंबर पाठवायच्या दोन पद्धती), ते ट्रंकवार बदलून बघा.

मग मेन स्विच बंद करून पाच मिनिटं थांबा: मशीन बॅटरीवर चालतं का, बाहेरचा फोन लागतो का, वीज परत आल्यावर प्रोग्रॅमिंग जागेवर आहे का. फ्रेमच्या झाकणाच्या आत खोली, पोर्ट, मॉड्यूल आणि पेअर असा तक्ता चिकटवा, त्यात प्रत्येक खोलीचा मोजलेला ओहम आणि मोकळ्या पेअरी लिहा. पुढच्या वेळी खोली २०५ मध्ये ४ च्या जागी १२ ओहम दिसले, की रोझेटचा स्क्रू आधी घट्ट करून बघायचा.