अमेरिकेतल्या घरावरची जुनी बंधनं हटवायची असतील तर

अमेरिकेत वसाहतीत घर घेतलं की त्यासोबत डीड रिस्ट्रिक्शन्स, म्हणजे दस्तातच लिहिलेली बंधनंही गळ्यात पडतात: अंगणात शेड नको, कुंपण अमुकच उंचीचं, घर भाड्याने द्यायचं नाही. ती संपवायची असतील तर काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नोंदणी कार्यालयातून मूळ दस्ताची प्रत काढा आणि आधी मुदतीचं कलम शोधा. बहुतेकदा ते शेवटच्या पानांत दडलेलं असतं. अनेक दस्तांत २५-३० वर्षांची मुदत असते, आणि ती संपण्याआधी बहुसंख्य मालकांनी सह्या करून रद्दपत्र नोंदवलं नाही, तर आपोआप आणखी १० वर्षं! ही तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

सह्यांसाठी निदान वर्षभर आधी घरोघर फिरायला लागा. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्याही सह्या घ्या, नोटरीसमोर. एकाच सहीवरून अख्खं घर मोजणीतून बाद झालं तर फार जिवाला लागतं.

किती मालक लागतील हे दस्त आणि राज्याचा कायदा ठरवतो. फ्लोरिडात तर ३० वर्षांत बंधनं पुढे चालू ठेवण्याची नोंद झाली नसेल, तर जुनी बंधनं आपसूक संपलेलीही असू शकतात. वकिलाकडून हे आधी तपासून घ्या. शहराचे झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधता येईल याचे नियम मात्र वेगळे, ते राहतातच.