एड्युलिस की रेटिक्युलॅटस? बोलेटस ओळखताना या चुका टाळा

बोलेटस एड्युलिस आणि बोलेटस रेटिक्युलॅटस ही युरोपच्या जंगलांतली दोन्ही मशरूम्स खाण्याजोगी आहेत, पण नोंदीत त्यांची सर्रास अदलाबदल होते. दोन्हींचा गर पांढरा असतो आणि कापल्यावर निळा पडत नाही. टोपीखालच्या नळ्या आधी पांढऱ्या, मग पिवळ्या, शेवटी हिरवट होतात. बीजाणूंचा ठसाही (टोपी कागदावर ठेवल्यावर उमटणारा) दोन्हींचा ऑलिव्ह-तपकिरीच. म्हणून या खुणांवरून निवाडा करू नका. टाळायच्या चुका अशा:

देठावर जाळीसारखी नक्षी दिसली की रेटिक्युलॅटस म्हणणे. जाळी दोन्हींच्या देठावर असते, ती कुठवर उतरते ते बघायचे. एड्युलिसमध्ये ती पांढरी, बारीक आणि बहुतेक वरच्या भागात असते. रेटिक्युलॅटसमध्ये ठळक असते आणि जवळजवळ बुडापर्यंत जाते. देठ मध्येच कापला तर ही खूणच हातची जाते. त्यामुळे निदान पहिला नमुना तरी बुडासकट, हलका पीळ देऊन उपटा.

ओली टोपी बघून ठरवणे. रेटिक्युलॅटसची टोपी कोरडी, मखमली असते आणि उन्हात तिला बारीक भेगा पडतात. पावसात मात्र ती मखमल दबते. एड्युलिसची टोपी गुळगुळीत, ओलीत किंचित चिकट आणि कडेला बहुधा फिकट रेघ असलेली. कोरड्या हवेत हा चिकटपणा जातो. अशा वेळी टोपी उभी चिरा. सालीच्या लगेच खाली फिकट वाइनसारखी गुलाबी छटा दिसली तर एड्युलिस, सालीपर्यंत सगळे पांढरेच असेल तर रेटिक्युलॅटस. चिरल्याबरोबर बघा. जुन्या किंवा अळ्यांनी पोखरलेल्या नमुन्यात ही छटा नीट कळत नाही.

फक्त झाड किंवा महिना धरणे. रेटिक्युलॅटसला ऊब लागते. ते ओक, बीच, चेस्टनटखाली मे-जूनपासूनच येते. एड्युलिसचा भर उन्हाळ्याच्या शेवटापासून शरदापर्यंत असतो आणि ते स्प्रूस, पाइनखाली येते तसेच बीच-ओकखालीही. त्यामुळे स्प्रूसखालचा नमुना एड्युलिसकडे झुकतो, पण ओकखालच्या नमुन्याबद्दल झाड काहीच ठरवत नाही.

तिसरा सोबती विसरणे. टायलोपिलस फेलियस हे यांच्यासारखेच दिसणारे मशरूम विषारी मानले जात नाही, पण इतके कडू असते की एकाच तुकड्याने सगळे भांडे वाया जाते. त्याच्या देठावरची जाळी जाड, गडद तपकिरी असते आणि नळ्या वयाने गुलाबी होतात. कोवळेपणी नळ्या पांढऱ्याच असतात, तेव्हा जाळीचा रंगच बघा. शंका राहिली तर टोपी कागदावर रात्रभर ठेवा. ठसा गुलाबीसर आला तर ते टायलोपिलस.