मचाण नंतर, आधी वाट: विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीला लागणाऱ्यांसाठी

नोकरीसाठी विस्कॉन्सिनला आलेली आपली मुलं हल्ली ऑफिसातल्या सहकाऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीला जायला लागली आहेत. मला याचा आनंद आहे. पण भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर कायदेशीर शिकार जवळजवळ उरली नाही, त्यामुळे घरातून शिकून येण्याचा प्रश्नच नाही. इथल्या सहकाऱ्याला हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून नेमकं तेच सांगायचं त्याच्याकडून राहून जातं.

आधी कागदपत्रं. एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल, तर शिकारीचा वैध परवाना मिळण्याआधी बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा ठरतो. मित्राची बंदूक ‘जरा हातात घेऊन बघतो’ हेसुद्धा नको. एवढ्याशा हौसेपायी इथलं राहणं धोक्यात घालू नका. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. हंटर एज्युकेशनचा कोर्स करा, मजा येते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या लोकांची सवय अशी की आधी सामान घ्यायचं. महागडं लॅडर स्टँड (झाडाला टेकवायचं शिडीचं मचाण), कॅमेरे, अंगाचा वास घालवणारे स्प्रे. मग गाडी लावायला सोपं पडेल असं एखादं झाड निवडायचं. मॅडिसनच्या एका मुलानं मक्याच्या शेताच्या कडेला असंच स्टँड लावलं. जागा वाईट नव्हती, हरणांच्या वाटा तिथं स्पष्ट दिसत होत्या. पण रोज पहाटे तो बॅटरी लावून त्याच शेतातून चालत जायचा. रात्रभर मक्यात चरणारी हरणं त्याच्या पुढ्यातून पळायची आणि तो झाडावर बसून दिवसभर त्यांचीच वाट बघायचा. हंगामभर त्याला उंचावलेल्या पांढऱ्या शेपट्यांपलीकडे काही दिसलं नाही. दरवर्षी कुणी ना कुणी नवीन माणूस हेच करतो.

म्हणून झाड निवडण्याआधी नकाशावर तीन गोष्टी मांडा: हरणं चरतात कुठं, दिवसा बसतात कुठं, आणि या दोन्हींमध्ये ये-जा करतात कुठून. मग चौथी गोष्ट: तुम्ही यातल्या एकाही जागेतून न जाता झाडापर्यंत कसे पोचाल? ओढ्याचं पात्र, बांधाची आडोशाची बाजू, खोलगट चर, लांबचा वळसा, काहीही चालेल. अशी वाट सापडत नसेल तर ती जागा सोडा, झाडाखाली कितीही खुणा असल्या तरी. सकाळी शेत टाळा आणि जंगलाच्या मागच्या बाजूनं शिरा. संध्याकाळी, हरणं दिवसा बसतात ती गच्च झाडी टाळून शेताच्या बाजूनं या.

दुसरं, वारा. हरणाकडून तुमच्याकडे वाहणारा वारा हवा, आणि तो नुसता झाडावर बसल्यावर नव्हे, चालत येतानाही. नोव्हेंबरमध्ये थंडीची लाट आली की इथं बऱ्याचदा वायव्येचा वारा सुटतो, म्हणून निदान एक जागा त्या वाऱ्यासाठी राखून ठेवा. वारा उलटा असेल त्या दिवशी लाडक्या झाडावर बसायचा मोह आवरा. नैऋत्येकडच्या ड्रिफ्टलेस भागातले डोंगर हिमनद्यांनी सपाट केलेले नाहीत. तिथं उन्हं चढली की हवा उतारावरून वर सरकते आणि संध्याकाळी गार होऊन घळीत उतरते. अंदाज सांगणारं अॅप हे दाखवत नाही. खिशात मिल्कवीडच्या शेंगा ठेवा. मिल्कवीड आपल्या रुईचीच नातेवाईक, लहानपणी आपण जिच्या म्हातारीमागे धावायचो ती. एकेक म्हातारी सोडा आणि ती कुठं वळते, कुठं खाली बसते ते लांबवर बघत राहा. तुमचा वास त्याच वाटेनं जाणार.

ओकची झाडं ओळखायला शिका. पांढऱ्या ओकची फळं लाल ओकच्या फळांपेक्षा कमी तुरट असतात, ती पडायला लागली की हरणं तिकडे वळतात.

हार्नेस, म्हणजे पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा, जमिनीवरच चढवा आणि झाडावर चढताना-उतरताना झाडाला बांधलेल्या दोराला अडकवलेला ठेवा. बंदूक रिकामी करून दोरीनं वर ओढा. यात वाद नको.

परतीचा विचार फार कमी लोक करतात. संध्याकाळी शेतात हरणं उभी असताना तुम्ही खाली उतरलात, तर ती जागा पुढचे बरेच दिवस बिघडते. ओळखीचा शेतकरी असेल तर त्याला पिकअप घेऊन शेतात यायला सांगा. त्याच्या गाडीची हरणांना सवय असते. ती बाजूला होतात, पण झाडावर कुणी होतं हे त्यांना कळत नाही.

आणि शेतकरी ओळखीचा होतो तो ऑगस्टमध्ये, हंगामाच्या आदल्या दिवशी नव्हे. इथं पाटी नसली तरी परवानगीशिवाय खाजगी जमिनीत पाऊल टाकता येत नाही, जखमी हरीण कुंपणापलीकडे गेलं तरीसुद्धा. म्हणून शेजारच्या जमीनमालकालाही आधीच भेटून ठेवा. ही माणसं कमी बोलतात, पण सरळ विचारलं तर मनापासून मदत करतात. चौघांनी मिळून गाडीचे दरवाजे आपटत जाऊ नका. एकट्यानं जा, गाडी कुठं लावू ते विचारा, त्यांच्या कुंपणाच्या कामाला एक शनिवार हात लावा. दिवाळीचा फराळ द्या, शिकार मिळाली तर मांसाचा वाटा द्या. पुढच्या वर्षी परवानगी पुन्हा मागा.