नव्या लाइव्ह स्ट्रीमरने प्रेक्षक कसे मिळवावेत आणि कसे टिकवावेत

लाइव्ह सुरू केल्यानंतर प्रेक्षकांचा आकडा बराच वेळ शून्यावर किंवा एकावर अडून राहतो, आणि तो एकही बहुधा आपलाच दुसरा फोन असतो. नव्या चॅनेलचे असे होणे स्वाभाविक आहे. साध्या व्हिडिओला अनोळखी माणसापर्यंत पोहोचायला महिनोन्‌महिने मिळतात. लाइव्हच्या वाट्याला मात्र तो चालू असेल तेवढेच तास-दोन तास येतात. म्हणून अनोळखी प्रेक्षक मुख्यतः रेकॉर्डिंगमधून मिळवावा आणि लाइव्हमध्ये त्याला टिकवावे, हा हिशेब धरूनच सगळी आखणी करावी.

विषय अरुंद ठेवावा

‘गेमिंग’, ‘स्वयंपाक’ किंवा ‘गप्पा’ असा मोघम विषय घेतला की हिंदी-इंग्रजीतील मोठ्या चॅनेलशी गाठ पडते. मराठीत जागा मोकळी आहे हे खरे, पण ‘मराठीतून’ एवढे एकच वैशिष्ट्य पुरत नाही. समजा, पुण्याच्या कर्वेनगरमधील एखाद्या विद्यार्थ्याला बुद्धिबळाचे लाइव्ह करायचे आहे. ‘बुद्धिबळ मराठीतून’ यापेक्षा ‘हौशी खेळाडूंच्या हरलेल्या डावांची चिरफाड’ हा विषय त्याला अधिक फळेल. ज्याचा डाव दाखवला जाणार आहे तो स्वतः येतो, सोबत दोन-तीन मित्रांना आणतो आणि आपली नेमकी कुठली खेळी फसली यावर हिरिरीने वादही घालतो. ताजी घटनाही याच पद्धतीने वापरता येते. दिव्या देशमुख हिने 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. कोनेरू हंपीविरुद्धच्या त्या अंतिम फेरीतील टायब्रेकचे, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठी खेळलेले, डाव उलगडून सांगणे हा एका लाइव्हचा नेमका विषय झाला. ‘आज बुद्धिबळावर बोलू या’ हा मात्र विषय नव्हे.

वार आणि वेळ एकदाच ठरवावी

आठवड्यातून दोनच लाइव्ह करावेत, पण त्यांचा वार आणि वेळ हलवू नये. पुण्यात गुरुवार टाळलेला बरा, कारण देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा महावितरणचा तो परंपरेने ठरलेला वार आहे, आणि दुपारी गेलेली वीज सांगितलेल्या वेळेला परत येईलच असे धरून चालता येत नाही. रात्री साडेनऊची वेळ सोयीची पडते, कारण जेवणे उरकलेली असतात आणि उन्हाळ्यात लंडनमध्ये तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. अमेरिकेतील मराठी माणसे डोळ्यांसमोर असतील, तर पुण्यातील रविवार सकाळचे नऊ म्हणजे कॅलिफोर्नियातील शनिवारची रात्र, हे लक्षात ठेवावे.

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत नेहमीचा प्रेक्षक मंडपात असतो किंवा देखावे पाहत रस्त्यावर असतो. या काळात नवी मालिका सुरू करू नये. विसर्जन मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरून फोनवर थेट दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. गर्दीत मोबाइलचे नेटवर्क दगा देते, स्पीकरवरच्या गाण्यांमुळे कॉपीराइटचा दावा लागू शकतो, आणि मिरवणूक पाहायला आलेला माणूस पुढच्या आठवड्यात बुद्धिबळ पाहायला येत नाही. चॅनेलच मुळात पुण्याच्या उत्सवांवर असेल तर गोष्ट वेगळी.

यंत्रसामग्रीत प्रथम आवाज

अंधूक चित्र प्रेक्षक चालवून घेतो. घुमणारा किंवा तुटक आवाज तो मिनिटभरही सहन करत नाही. म्हणून पहिला खर्च कॅमेऱ्यावर न करता मायक्रोफोनवर करावा. बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत साधे कॉलर माइकही मिळतात आणि यूएसबीवर चालणारे माइकही मिळतात. गणपतीच्या आधीचे काही आठवडे ढोल-ताशा पथकांच्या सरावाचा आवाज संध्याकाळी नदीकाठच्या वस्त्यांत घुमत असतो. तिथे राहणाऱ्याने तोंडाजवळ धरून वापरायचा डायनॅमिक माइक घ्यावा, कारण कंडेन्सर माइक दूरचाही आवाज ओढतो. संगणकावरून लाइव्ह करण्यासाठी ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. 720पी चित्रासाठी 4 एमबीपीएस (सेकंदाला 4 मेगाबिट) दर ठेवला, तर तासाला सुमारे 1.8 जीबी डेटा वर जातो. इंटरनेटचा अपलोड वेग या दराच्या किमान दीडपट असावा आणि राउटर इन्व्हर्टरला जोडलेला असावा.

माध्यमांच्या अटी आधी वाचून घ्याव्यात. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्हची परवानगी सुरू व्हायला 24 तासांपर्यंत वेळ लागू शकतो. फोनवरून लाइव्ह करण्यासाठी 50 सबस्क्राइबर लागतात, संगणकावरून करताना ही अट नाही. जुलै 2025 पासून 16 वर्षांखालील मुलांना तिथे एकट्याने लाइव्ह करता येत नाही. इन्स्टाग्रामने त्याच वर्षी 1000 फॉलोअरची अट घातली, त्यामुळे अगदी नवख्याने सुरुवात यूट्यूबवर करणे सोपे जाते.

चालू लाइव्हमध्ये बोलावे कसे

खरी कसोटी इथे लागते. कोणी नाही म्हणून गप्प बसलेला स्ट्रीमर हेच कोणी न थांबण्याचे मोठे कारण असते, कारण आत डोकावणारा माणूस काही सेकंदांतच थांबायचे की जायचे हे ठरवतो. त्या सेकंदांत त्याला शांतता ऐकू आली की तो गेलाच. समोर कोणी असो वा नसो, डोक्यातील विचार मोठ्याने बोलत राहावा: “इथे पांढऱ्याने घोडा पुढे काढलाय, पण त्यामुळे उंटाची वाट बंद झाली. मी असतो तर आधी राजा सुरक्षित केला असता. का ते दाखवतो.” हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण उत्तर ऐकेपर्यंत माणूस थांबतो.

दर दहा-बारा मिनिटांनी, काय चालले आहे ते एका वाक्यात पुन्हा सांगावे. उशिरा आलेल्याला संदर्भ लागतो. चॅटमध्ये कोणी लिहिले, तर त्याचे नाव घेऊन उत्तर द्यावे. “कमेंट करा, शेअर करा” असे आर्जव करण्यापेक्षा सोपा प्रश्न टाकावा: “हत्ती द्यावा की वजीर मागे घ्यावा?” दोनच पर्याय असले की लाजरा माणूसही एक शब्द टाइप करतो, आणि एकदा चॅटमध्ये लिहिलेला माणूस पुढच्या वेळी परतण्याची शक्यता बरीच वाढते. मात्र केवळ पाहत बसलेल्याला नावाने पुकारू नये. काहींना गुपचूप पाहायचे असते आणि हाक ऐकून ते निघून जातात.

प्रश्नोत्तरांचा लाइव्ह असेल, तर यूट्यूबवर कमी विलंबाचा, म्हणजे आपले बोलणे प्रेक्षकापर्यंत लवकर पोहोचवणारा, पर्याय निवडावा, नाहीतर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. मानांकनाचा डाव स्वतः खेळताना याच्या उलट करावे. चॅटमधून सुचवलेली खेळी घेणे ही बाहेरची मदत ठरते आणि बुद्धिबळाच्या संकेतस्थळांवर ती नियमबाह्य आहे, त्यामुळे तेवढ्या वेळापुरता विलंब वाढवावा आणि खेळी सुचवू नयेत असे सुरुवातीलाच बजावावे.

लाइव्ह संपल्यावर

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगमधून दोन तुकडे काढावेत: शॉर्ट्ससाठी (यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंसाठी) एक मिनिटभराचा आणि दुसरा सात-आठ मिनिटांचा, एकाच डावाचा. शॉर्ट्सची मर्यादा आता तीन मिनिटांची आहे, पण ती भरून काढण्याचे बंधन नाही. मूळ रेकॉर्डिंगच्या वर्णनात वेळेनुसार प्रकरणे द्यावीत. पहिली नोंद 00:00 ची आणि एकूण किमान तीन नोंदी असल्याशिवाय यूट्यूब ती दाखवत नाही. शीर्षक देवनागरीत ठेवावे आणि वर्णनात तेच शब्द रोमन लिपीतही लिहावेत, कारण मराठी विषय शोधतानाही पुष्कळ जण रोमन लिपीतच टाइप करतात. पुढचा लाइव्ह आधीच शेड्यूल करून त्याचा दुवा प्रत्येक तुकड्याखाली द्यावा.

प्रसार करताना सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फार भिस्त ठेवू नये. काका-मावशी कौतुकाने पहिल्या दिवशी येतात, “छान हो” लिहितात आणि आपापल्या कामाला लागतात. त्यापेक्षा बुद्धिबळाच्या क्लबमधील पाच खेळाडूंना त्यांचाच डाव घेणार असल्याचे वैयक्तिक निरोपाने कळवावे. “तुम्ही मला सबस्क्राइब करा, मी तुम्हाला करतो” हा व्यवहार यूट्यूबच्या धोरणात बसत नाही. शिवाय त्यातून आलेले सबस्क्राइबर लाइव्हला फिरकत नाहीत.

आकडे पाहताना सर्वोच्च प्रेक्षकसंख्येपेक्षा सरासरी संख्या आणि परतून येणारे प्रेक्षक पाहावेत. सरासरी तीनवरून सातवर गेली, तर ती लक्षणीय वाढ समजावी आणि आखणी तशीच पुढे चालवावी. दोन-अडीच महिन्यांत ती जागची हलली नाही, तर आधी विषय बदलावा आणि वेळ तीच ठेवावी. दोन्ही एकदम बदलले, तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. सुपर चॅटसारख्या (प्रेक्षकाने पैसे देऊन चॅटमध्ये संदेश लिहिण्याच्या) सोयींसाठी यूट्यूबला 500 सबस्क्राइबरांबरोबर पाहण्याच्या तासांची किंवा शॉर्ट्सच्या व्ह्यूजचीही ठरावीक संख्या लागते, तेव्हा उत्पन्नाचा विचार तोवर बाजूला ठेवावा. चॅटवर देखरेख करणारा एखादा विश्वासू माणूस मात्र दहा-पंधरा जण नियमित येऊ लागताच नेमावा.